मागे तोंड करून बसणारे आबा

"पुढचं बगायला डायवर हाय की."

गाडी कुठलीही असो, आबा मागे तोंड करून बसायचे आणि कुणी हटकलं की एवढंच म्हणायचे. बैलगाडीत बसले तर पाय मागच्या बाजूला सोडून. तहसीलदारांची जीप गावात आली तर पुढची मानाची जागा सोडून मागच्या फळीवर, पडद्याच्या तोंडाशी. एसटीत ड्रायव्हरच्या पाठीमागे एक उलटं बाक असतं, तुम्ही पाहिलं असेल. त्यावर बसलं की साऱ्या गाडीची तोंडं आपल्याकडे होतात. सिरसाळ्याच्या गाडीतलं ते बाक आबांचंच होतं. तिथे बसून ते मागच्या काचेतून उडणाऱ्या फुफाट्याकडे निवांत बघत जायचे. तुमच्या-माझ्यासारख्याला अशा बाकावर मळमळतं. आबांना सरळ बसवलं की मळमळायचं.

गाव त्यांना 'इमानवाले आबा' म्हणत असे. आमच्याकडे जुनी माणसं विमानाला इमान म्हणतात. दुसरा अर्थ तुम्हाला ठाऊक आहेच, पण नाव ठेवणाऱ्याच्या मनात तो नसावा.

निजामाच्या राज्यात आबा उर्दूत शिकले. विशीच्या आत घाटनांदूरला रेल्वेत बसून हैदराबादला गेले आणि तिथे तारेचं काम शिकले. तेव्हा दुसरं महायुद्ध चालू होतं. तारेचं काम येणाऱ्या पोरांना हवाई दलात मागणी होती. आबा भरती झाले आणि ब्रह्मदेशाच्या आघाडीवर बॉम्ब टाकणाऱ्या विमानात जाऊन बसले. त्या विमानात दोनच माणसं. पुढे पायलट, आणि त्याच्या पाठीला पाठ लावून, शेपटीकडे तोंड करून दुसरा. वायरलेस सांभाळायचा, मशीनगन सांभाळायची आणि मागून कोणी येतंय का ते बघायचं. आबा हे दुसरे. पुढची सारी वर्षं ते तसेच बसत राहिले.

लढाईत त्यांना शौर्याचं पदक मिळालं होतं. ते आबांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या मामींनी, देव्हाऱ्यात खंडोबाच्या टाकाशेजारी ठेवलं होतं आणि रोज त्यालाही हळदकुंकू लागायचं. पदकावरचा इंग्रजांचा राजा त्यामुळे कपाळापासून हनुवटीपर्यंत लाल झाला होता. पंधरा ऑगस्टला शाळेत दरवर्षी आबांना बोलायला उभं करायचे. हेडमास्तर म्हणायचे, आता आबा आपल्या पराक्रमाची गोष्ट सांगतील. मग आबा सांगायचे की पहिल्यांदा विमान वर गेलं तेव्हा त्यांना ओकारी आली, दुसरं काही हाताशी नव्हतं म्हणून ती टोपीत केली, आणि खाली उतरल्यावर साहेबानं विचारलं, टोपी कुठे आहे? पोरं हसून हसून लोळायची. पदक कशाबद्दल मिळालं ते त्या गोष्टीत कधी यायचं नाही.

हे सगळं मी लांबून ऐकत होते. आमची वस्ती ओढ्याच्या पलीकडे. वडील दीक्षा घेऊन आले तेव्हा मी लहान होते. त्यांनी घरातले देव ओढ्यात सोडले आणि मला अंबाजोगाईला वसतिगृहात ठेवून शाळेत घातलं. मी मॅट्रिक झाले, लग्न झालं, आणि थोड्याच दिवसांत नवरा तापानं गेला. कडेवर मुलगी घेऊन मी माहेरी परत आले. लगोलग बहात्तरचा दुष्काळ आला.

त्या दुष्काळाबद्दल पुष्कळांनी पुष्कळ सांगितलं आहे. मी एवढंच सांगते की सगळं गाव खडी फोडत होतं. ओढ्याच्या अलीकडचं आणि पलीकडचं, एका रांगेत. वाटायला येणारी सुकडी एकच आणि रेशनची तांबडी मिलो ज्वारीही एकच. माणसांचं असं चाललं होतं, पण गुरांना काहीच नव्हतं. आबा तेव्हा गावच्या सोसायटीचे चेअरमन होते. त्यांनी तालुक्याला खेटे घालून गावाच्या माळावर गुरांची छावणी आणली. चारा लांबून लॉरीनं यायचा. लॉरी परत रिकामी जायची, म्हणून तालुक्याच्या दूध संघानं एक गोष्ट ठरवली. छावणीत दुभत्या जनावरांचं जे काही दूध निघेल ते एका जागी गोळा करायचं आणि लॉरीनं जाताना कॅन घेऊन जायचे. संघालाही दूध मिळेल आणि लोकांच्या हातात दोन पैसे येतील.

दूध मोजायला, त्यात पाणी आहे का ते डिग्री लावून बघायला आणि लिहून ठेवायला माणूस पाहिजे होता.

एका दुपारी आबा खडीच्या कामावर आले. डोक्याला फडकं बांधून मी हातोडा चालवत होते. ते माझ्यासमोर थांबले आणि विचारलं, "बाई, दूध मोजाल का?"

आधी मला कळलंच नाही की हे माझ्याशी बोलत आहेत. त्या वयाच्या, त्या घरच्या माणसानं मला 'तुमी' म्हणायची गावात रीत नव्हती. आम्हाला 'ये गं', 'जा गं' एवढंच. मी उठून उभी राहिले आणि म्हटलं, आबा, लोक ओततील का?

"ते लोकांचं मी बगतो. तुमी मोजाल का, ते सांगा."

मी हो म्हटलं. माझी आई रात्रभर म्हणत राहिली, नको, आपल्यावर येईल. वडील म्हणाले, जाऊ दे तिला.

पहिल्या दिवशी सकाळी छावणीत पत्र्याच्या शेडखाली टेबल मांडलं. नवे कोरे कॅन, माप, डिग्रीची काचनळी. चरव्या आणि कासंड्या घेऊन माणसं आली, रांग लागली. मग पुढच्यांनी मला पाहिलं. कोणी भांडलं नाही, ओरडलं नाही. माणसं नुसती बाजूला सरकली, झाडाखाली गेली, बिडी पेटवली. रांग होती तिथे नुसती जमीन उरली.

तेवढ्यात आबा आपली चरवी घेऊन आले आणि टेबलावर ठेवली. म्हणाले, "बाई, माप घ्या." मी चरवी उचलली. ओतताना दूध सांडलं, टेबलावरून खाली ओघळलं. मी रडायच्या बेतात होते. आबा म्हणाले, "सांडलं तर सांडू द्या. म्हशीला अजून हाय." झाडाखाली एकजण हसला. मलाही हसू आलं आणि मी पुन्हा माप धरलं.

मग आबांनी तिथेच तीन दगड मांडून चहा ठेवला. त्याच कॅनमधलं, मी मापलेलं दूध मागून घेतलं, पैसे दिले, आणि सगळ्यांसमोर फुर्र फुर्र करत चहा प्याले. दुसरी चरवी एका मोमीन भाभीची आली. बाकी कोणी नाही. लॉरीवाल्यानं कॅन हलवून पाहिला, त्याच्या बुडाशी दूध डुचमळलं. तो म्हणाला, एवढ्यासाठी मी थांबू?

पुढचे दिवसही तसेच गेले. मग लॉरीवाल्यानं तालुक्याला जाऊन सांगितलं आणि तिकडून निरोप आला की कॅन भरत नसतील तर लॉरी दुसऱ्या गावाला लावू. लॉरी गेली म्हणजे चारा गेला. आता गावाचा राग माझ्यावर आला. बायका ऐकू येईल असं बोलायच्या, एकीच्या हट्टापायी गुरं मरतील. मी आबांकडे गेले आणि सांगितलं की मला सोडा, मी पुन्हा खडीवर जाते. आबा म्हशीला पाणी दाखवत होते. त्यांनी बादली खाली ठेवली आणि म्हणाले, "बाई, तुमाला नोकरी सोसायटीनं दिली. सोडवायची तर सोसायटी सोडवंल. तुमी कावून सोडता?"

संध्याकाळी छावणीतच सोसायटीची मीटिंग बसली. मला बोलावलं नव्हतं. पण शेडमध्ये कॅन धूत होते, तिथून सगळं ऐकू येत होतं. व्हाइस चेअरमन होते बापू. गावात सगळ्यांत जास्त म्हशी त्यांच्या. बापू वाईट माणूस नव्हता, हे मी आज लिहू शकते. दुष्काळात त्यांनी आपली कडब्याची गंजी गावाला मोकळी केली होती. पण त्या दिवशी ते उठून म्हणाले, "आबा, पोरगी गरीब हाय, मान्य. दुसरं कंचंबी काम द्या तिला. लिहायला बसवा. पर दुधाला तिचा हात नको." मागून एक तरुण बोलला, "लॉरी गेली तर चारा कोन आननार बे, ती?"

मला वाटलं, झालं. मी कॅनचं झाकण लावलं.

मग आबांनी बोलायला सुरुवात केली आणि सुरुवातीला कोणाला समजेनाच की ते कशाबद्दल बोलत आहेत. ते सांगत होते की विमान बॉम्ब टाकायला खाली झेपावतं, बॉम्ब सुटला की पायलट विमान वर ओढतो आणि निघतो. बॉम्ब कुठे पडला ते त्याला दिसत नाही. मागे तोंड करून बसलेल्याला दिसतं. एकदा त्यांना नदीच्या वळणावर, पांढऱ्या देवळाशेजारी, जपान्यांचा दारूगोळा उडवायला पाठवलं होतं. पहिले बॉम्ब दारूगोळ्यावर पडले. शेवटचा गावावर पडला. गवताची घरं पेटताना आबांनी पाहिली, धूर लांबपर्यंत दिसत राहिला. परत आल्यावर पायलट खुश होता. आबांनी त्याला काही सांगितलं नाही.

पुढे काही दिवसांनी त्याच भागातल्या डोंगरांवर त्यांच्या विमानाला गोळी लागली. पायलट पंजाबी पोरगा होता, आबांपेक्षा लहान. त्यानं कसंबसं विमान नदीच्या कोरड्या पात्रात उतरवलं, पण त्याचा पाय मोडला. आबांनी त्याला पाठुंगळी घेतलं आणि जंगलातून चालू लागले. जवळचं पाणी संपलं. पायलटला ताप भरला, तो आईला हाका मारू लागला. दुसऱ्या दिवशी झाडी संपली आणि एक गाव दिसलं. आबांनी नदीचं वळण पाहिलं. पांढरं देऊळ पाहिलं.

इथे आबा थांबले.

अर्धं गाव जळालेलं होतं, ते म्हणाले. एका काळ्या पडलेल्या खांबाशेजारी म्हातारी बसली होती. तिनं दोघांच्या अंगावरचे कपडे बघितले. ते कपडे कोणाचे असतात हे तिला कळलं, हे तिच्या डोळ्यांत दिसलं. ती उठून आत गेली.

"मला वाटलं, कोयता आनायला गेली. मी पळालो न्हाई. पळायचं तरी कुठं, आन् कोनत्या तोंडानं. ती बांबूच्या नळीत पाणी घिऊन आली. आदी त्याला पाजलं, मग मला."

तिनं त्यांना भाताच्या पेंढ्यात लपवलं. तिच्या गावच्या माणसांनी डोंगर ओलांडून त्यांना आपल्या फौजेच्या चौकीपर्यंत पोचवलं. पायलट वाचला. साथीदाराला पाठीवर वाहून आणलं म्हणून आबांना पदक मिळालं.

"ते पदक तुमी समद्यांनी बगितलंय," आबा म्हणाले. "तिचं घर कुनी जाळलं, ते कुनी इचारलं न्हाई. मी बी सांगितलं न्हाई. ती कोन जातीची, कंच्या देवाची, मला म्हाईत न्हाई. तिच्या हातचं पाणी पिलो म्हनून हितं बसलोय. आता या पोरीच्या हातचं माप नको, असं म्या कसं म्हनू? तुमाला म्हनायचं आसंल तर म्हना. म्या चेअरमनकी सोडतो."

यानंतर कोणीतरी टाळ्या वाजवल्या असत्या, सगळ्यांनी हात वर केले असते, असं तुम्हाला वाटेल. तसं काही झालं नाही. मग बापूंनी विचारलं, "मग त्या म्हातारीचं पुढं काय झालं?"

"म्हाईत न्हाई, बापू," आबा म्हणाले. "जाताना मी वळून वळून बगत गेलतो. लई लांबवर दिसत हुती."

माणसं एकेक करून उठली आणि आपापल्या गुरांकडे गेली. ठराव झालाच नाही. कोणी मांडला नाही, कोणी फेटाळला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टेबल मांडलं. आबा आले, मोमीन भाभी आल्या. मग बापूंचा गडी मोठी कासंडी घेऊन आला आणि मान खाली घालून टेबलापाशी उभा राहिला. बापू स्वतः लांब, गुरांच्या दावणीशी उभे होते, आमच्याकडे पाठ करून. मी माप घेतलं. त्यानंतर रांग लागली. काही घरं आलीच नाहीत. काही बायका रिकामी कासंडी घरी नेऊन त्यावर पाणी शिंपडत, हेही मला माहीत होतं. पण त्या दिवशी लॉरीवाल्याला कॅन उचलायला दुसरा माणूस बोलवावा लागला. चारा येत राहिला. गावातली बरीच जनावरं त्या वर्षी तगली.

पाऊस पडला, छावणी उठली, डेअरी मात्र राहिली. पुढच्या निवडणुकीत आबांना चेअरमनपदावरून पाडलं. पाडणाऱ्यांत कोण होतं ते आबांना नावानिशी माहीत होतं, पण त्यांच्या घरी लग्नाला ते जायचे तसेच गेले. रोज सकाळी बाकीच्या सभासदांसारखे रांगेत यायचे. मी गडबडीनं त्यांना पुढे बोलवलं की माझ्यावर डोळे वटारायचे. माझं वय वाढलं, केस पिकले, तरी चारचौघांत मला 'बाई' आणि 'तुमी'च. घरी गेले की मात्र, "ये पोरी, मामीनं धपाटी केलीत."

मामींनी पहिल्यांदा मला स्वयंपाकघरात बोलावलं तेव्हा त्यांनाही अवघड गेलं असणार. त्यांनी ते कधी दिसू दिलं नाही. माझी मुलगी त्यांच्या ओसरीवर अभ्यास करून शिकली. ती आज शिक्षिका आहे. डेअरीच्या पगारावर मी वस्तीत पहिलं विटांचं घर बांधलं. वडील त्या घरात दोन वर्षं राहिले आणि समाधानानं गेले. उपकार फेडावेत असं आबांनी कधी वाटू दिलं नाही, म्हणून ते फेडायचे राहून गेले. हे लिहिते आहे ते त्याच ओझ्यापोटी, आणि ते ओझं मला आवडतं.

म्हातारपणी आबांच्या छातीत पाणी झालं आणि त्यांना अंबाजोगाईच्या दवाखान्यात ठेवलं. मी भेटायला गेले तर त्यांनी आधी रागावूनच विचारलं, डेअरीवर कोण आहे? मी सांगितलं, बापूंची धाकटी सून. आबा उठून बसायला लागले. मी त्यांना उशीला टेकवलं.

"तिला येतं का?"

म्हटलं, माझ्यापेक्षा हात चलाख आहे तिचा. मीच शिकवलं.

"बापू काय म्हनला?"

बापूच तिला घेऊन आले होते, मी सांगितलं. टेबलापुढे उभे राहून म्हणाले होते की, बाई, हिला तुमच्या हाताखाली घ्या, पोरगी हुशार आहे, घरात कुजायला नको.

आबा छताकडे बघत राहिले. त्यांना हसायचं होतं, पण खोकला आला. खोकला थांबल्यावर ते म्हणाले, "बापू माणूस बरा हाय," आणि डोळे मिटले.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी ते गेले. सकाळी निरोप आला तेव्हा रांग लागलेली होती. माणसं कासंड्या जागेवर ठेवून आबांच्या घराकडे गेली. बापूही काठी टेकत गेले. दूध नासू नये म्हणून आम्ही दोघी, मी आणि बापूंची सून, मागे थांबलो आणि एकेक भांडं मापत राहिलो. तिच्या डोळ्यांतलं पाणी पदरानं पुसून व्हायचं आणि पुन्हा यायचं.

संघाची गाडी आली. ड्रायव्हर नवा होता. रांगेत एकही माणूस नाही आणि भांडी मात्र ओळीनं ठेवलेली, हे बघून तो गोंधळला. त्यानं खिडकीतून विचारलं, काय झालं, कोण गेलं?

सांगण्यासारखं किती होतं. चेअरमन होते, लढाईत होते, पदक होतं. मी म्हटलं, "आमच्या घरातलं माणूस गेलं."

त्यानं इंजिन बंद केलं आणि खाली उतरून उभा राहिला.